न्यूझीलंडमध्ये मोटरहोमने प्रवास आणि रात्रीचा मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदाच मोटरहोम, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेले वाहन, भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. दिवसा काय पाहायचे हे सांगणारी माहिती भरपूर मिळते, पण रात्री वाहन कुठे उभे करायचे, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या जमिनीवर, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आढळतात. मोटरहोमच्या प्रवासात मुक्कामाची जागा आधी ठरवावी आणि त्या दिवसाचा मार्ग नंतर आखावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील बहुतेक उत्तरे त्याच मताला धरून आहेत.

प्रश्न : या देशात मोटरहोम कुठेही उभे करून रात्री झोपता येते, हे खरे आहे का?

नाही. हा समज पूर्वीच्या सैल व्यवस्थेतून आला आणि अजून टिकून आहे. शुल्क न भरता सार्वजनिक जागेवर वाहनात किंवा तंबूत रात्र काढण्याला तिथे फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात आणि त्यासाठी २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्या कायद्यात २०२३ मध्ये मोठे बदल झाले. आता स्थानिक परिषदेच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, जमिनीवर वाहनात मुक्काम करायचा असेल, तर ते वाहन सेल्फ-कंटेन्ड म्हणून प्रमाणित असावे लागते. परिषदेने एखाद्या विशिष्ट जागेपुरती वेगळी मुभा दिली असेल तरच त्याला अपवाद होतो. शिवाय परिषद आपल्या उपविधींनी काही जागा पूर्णपणे बंद ठेवू शकते, काही ठिकाणी रात्रींची किंवा वाहनांची संख्या ठरवून देऊ शकते, आणि पर्यटकांची गर्दी असलेल्या भागांत बहुतेक परिषदांनी तसे केलेही आहे. राष्ट्रीय उद्याने व इतर संरक्षित जमीन संवर्धन विभागाकडे असते. या विभागाला सगळे डॉक या लघुनावाने ओळखतात, आणि त्याच्या जमिनीवर कुठे मनाई किंवा बंधन आहे हे तो स्वतः जाहीर करतो. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, मग ती जमीन कुंपण नसलेले कुरण असो किंवा नदीकाठचे मोकळे मैदान. माओरी या तिथल्या मूळ रहिवासी समुदायांच्या मालकीच्या जमिनींनाही हेच लागू आहे. समुद्रकिनाऱ्यालगतचा एखादा सुंदर तुकडा रिकामा दिसला, म्हणून तो सार्वजनिक आहे असे गृहीत धरू नये.

प्रश्न : सेल्फ-कंटेन्ड वाहन म्हणजे नेमके काय? भाड्याने घेताना काय तपासावे?

बाहेरून पाणी न घेता आणि कसलेही सांडपाणी बाहेर न सोडता, ठरलेल्या संख्येतील प्रवाशांची किमान तीन दिवस सोय करू शकेल असे वाहन सेल्फ-कंटेन्ड मानले जाते. त्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने स्वच्छ पाण्याची टाकी, तेवढ्याच क्षमतेची सांडपाण्याची टाकी, भांडी धुण्याचे सिंक, झाकणाचा कचऱ्याचा डबा आणि वाहनात कायमस्वरूपी बसवलेले टॉयलेट आवश्यक असते. यातील शेवटची अट २०२३ च्या बदलांनी आली. सुटे, उचलून ठेवता येणारे टॉयलेट आता चालत नाही. पलंग उघडून अंथरलेला असतानाही टॉयलेट वापरता आले पाहिजे, असाही नियम आहे. जुन्या निळ्या स्टिकरची जागा आता वॉरंट म्हटल्या जाणाऱ्या हिरव्या प्रमाणपत्राने घेतली असून त्यावर किती प्रवाशांसाठी प्रमाणपत्र आहे तो आकडा लिहिलेला असतो.

वाहन ताब्यात घेताना हा आकडा आपल्या माणसांच्या संख्येशी पडताळून पाहावा. चार जण झोपू शकतील अशा वाहनाचे प्रमाणपत्र दोघांपुरतेच असू शकते. तिथल्याच आवारात पलंग एकदा उघडून पाहावा, टॉयलेटपर्यंत पोहोचता येते का ते पाहावे आणि वॉरंटची मुदत वाचावी. साध्या व्हॅनमध्ये गादी बसवून केलेली स्वस्त वाहने बहुधा सेल्फ-कंटेन्ड नसतात. ती घेण्यात काही चूक नाही. मात्र मग प्रत्येक रात्रीसाठी शुल्क असलेल्या किंवा टॉयलेटची सोय असलेल्या अधिकृत कॅम्पसाइट धराव्या लागतात आणि तो खर्च भाड्यात मिळवूनच तुलना करावी.

प्रश्न : मुक्कामाच्या जागांचे प्रकार कोणते आणि त्यांतून निवड कशी करावी?

पहिला प्रकार हॉलिडे पार्कचा. ही खासगी किंवा परिषदेच्या मालकीची सुसज्ज आवारे असतात. तिथे वीजजोडणी असलेली जागा मिळते, तिला पॉवर्ड साइट म्हणतात. सामायिक स्वयंपाकघर, गरम पाण्याची स्नानगृहे, कपडे धुण्याची यंत्रे आणि सांडपाणी रिकामे करण्याची सोयही तिथेच असते. शुल्क बहुधा माणशी आकारले जाते, त्यामुळे मोठ्या कुटुंबाला ही जागा महाग पडते आणि दोघांना परवडते.

दुसरा प्रकार डॉकच्या कॅम्पसाइटचा, आणि माझ्या मते या देशात मोटरहोम घेऊन येण्याचे खरे सार्थक याच जागांमध्ये आहे. वाहनाने पोहोचता येतील अशा दोनशेहून अधिक कॅम्पसाइट हा विभाग चालवतो. सर्वांत साध्या जागी कोरडे शौचालय आणि मोकळी जमीन यापलीकडे फारसे काही नसते आणि ती बहुधा निःशुल्क असते. वरच्या श्रेणींत नळाचे पाणी, स्वयंपाकासाठी निवारा, क्वचित गरम पाणी आणि वीजही मिळते. दक्षिण बेटावरील आओराकी माउंट कुक या शिखराच्या पायथ्याशी असलेली व्हाइट हॉर्स हिल ही कॅम्पसाइट पाहिली की मुद्दा लक्षात येतो. हूकर खोऱ्यातील पायवाट तिथूनच सुरू होते, त्यामुळे इतर पर्यटक गावातून गाडीने येऊन पोहोचण्यापूर्वी आपण हिमनदीच्या तळ्याकडे चालू लागलेले असतो. त्याच बेटाच्या उत्तरेला एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानातील टोटारानुईची कॅम्पसाइट थेट सोनेरी वाळूच्या किनाऱ्यावर आहे, पण तिथे जाणारा शेवटचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि खडीचा आहे. मोठ्या मोटरहोमने तो धरण्यापूर्वी भाड्याच्या करारात अशा रस्त्यांबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे.

तिसरा प्रकार परिषदांनी फ्रीडम कॅम्पिंगसाठी राखून ठेवलेल्या जागांचा. या बहुधा उद्यानालगतच्या किंवा किनाऱ्याजवळच्या वाहनतळावर आखून दिलेल्या मोजक्या जागा असतात. आखणी भरली की जागा भरली. रेषेबाहेर, गवतावर किंवा शेजारच्या वाहनतळावर उभे राहिल्यास नियमभंग होतो.

निवड करताना केवळ पैशाचा विचार करू नये. दोन रात्री डॉकच्या किंवा परिषदेच्या जागी आणि तिसरी रात्र हॉलिडे पार्कमध्ये, हा क्रम वाहनाच्या टाक्या, बॅटरी आणि माणसे या तिघांनाही मानवतो. सलग आठवडाभर निःशुल्क जागांवर राहण्याचा हट्ट धरला, तर दिवसाचा मोठा भाग पाणी, आंघोळ आणि मोकळी जागा शोधण्यात जातो आणि ज्यासाठी इतक्या लांब आलो ते पाहायचे राहून जाते.

प्रश्न : जागा शोधण्यासाठी कोणती साधने वापरावीत?

कॅम्परमेट आणि रँकर्स या दोन अॅपमध्ये कॅम्पसाइट, टॉयलेट व सांडपाणी रिकामे करण्याची डम्प स्टेशन, पिण्याचे पाणी आणि सार्वजनिक शौचालये नकाशावर दिसतात. रात्रीच्या जागेवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी मात्र ती ज्या परिषदेच्या हद्दीत येते तिच्या संकेतस्थळावरील नकाशा पाहावा, आणि डॉकची जागा असल्यास डॉकचे पान पाहावे. अॅपवर इतर प्रवाशांनी लिहिलेले अभिप्राय उपयुक्त असतात, पण उपविधी बदलल्यावर जुने अभिप्राय आपोआप पुसले जात नाहीत. गावोगावी आय-साइट नावाची पर्यटक माहिती केंद्रे आहेत आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना आपल्या परिसरातील ताजी स्थिती नेमकी ठाऊक असते. जागेवर लावलेला फलक अॅपपेक्षा वेगळे काही सांगत असेल, तर फलक प्रमाण मानावा.

पश्चिम किनाऱ्यावर आणि दक्षिणेकडील दऱ्याखोऱ्यांत लांब अंतरापर्यंत मोबाइलला संपर्कच मिळत नाही. त्यामुळे नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि त्या रात्रीची पहिली व पर्यायी, अशा दोन्ही जागा सकाळीच कागदावर लिहून ठेवाव्यात.

प्रश्न : डॉकच्या जागांसाठी आरक्षण करावे लागते का?

काही जागांसाठी करावे लागते, काही जागा आधी येणाऱ्याला मिळतात, तर काहींना केवळ गर्दीच्या महिन्यांत आरक्षण लागते. आपल्या मार्गावरील प्रत्येक जागेचे पान डॉकच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे पाहण्याला पर्याय नाही. अनेक रात्री या जागांवर काढणार असाल, तर विभागाचा कॅम्पसाइट पास घेण्याचा विचार करावा. मात्र तो सर्व जागांना लागू नसतो, म्हणून घेण्यापूर्वी यादी वाचावी.

प्रश्न : नियम मोडल्यास काय होते?

परिषदांचे अधिकारी पहाटे फिरून तपासणी करतात. मनाई असलेल्या जागी किंवा प्रमाणपत्राविना मुक्काम केल्यास ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो आणि सांडपाणी किंवा मैला जमिनीवर टाकण्यासारख्या गंभीर प्रकारांत रक्कम याहून अधिक असते. वाहन भाड्याचे असले तरी दंड चुकत नाही. कंपनी तो तुमच्या कार्डावरून वसूल करते आणि वर स्वतःचे प्रक्रिया शुल्क लावते. पण दंडापेक्षाही मोठा परिणाम पुढे येणाऱ्यांना भोगावा लागतो, कारण काही जणांच्या बेपर्वाईमुळे गावकऱ्यांच्या तक्रारी वाढतात आणि खुली असलेली जागा सर्वांसाठी बंद होते.

प्रश्न : गाडी चालवताना झोप येऊ लागली तर रस्त्याच्या कडेला थांबणे गुन्हा आहे का?

नाही. चालकाचा थकवा टाळण्यासाठी रस्त्यालगत वाहनात घेतलेली विश्रांती किंवा झोप कायद्याने फ्रीडम कॅम्पिंगमध्ये धरलेली नाही. झोप येत असेल तर सुरक्षित जागी ताबडतोब थांबावेच. पण खुर्च्या बाहेर मांडून, स्वयंपाक करून, पडदे लावून केलेल्या मुक्कामाला ही सवलत लागू होईल अशी अपेक्षा धरू नये.

प्रश्न : टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी कुठे व कशी रिकामी करायची?

हा प्रश्न संकोचामुळे वाहन घेताना विचारला जात नाही आणि मग तिसऱ्या दिवशी त्याचा त्रास होतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक भाड्याच्या मोटरहोममध्ये कॅसेट टॉयलेट असते. त्याची साधारण वीस लिटरची पेटी वाहनाच्या बाहेरील बाजूच्या झडपेतून ओढून काढता येते. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. भरल्याची खूण दिसेपर्यंत थांबू नये, कारण काठोकाठ भरलेली पेटी जड होते आणि नेताना सांडण्याची भीती असते. पेटी केवळ डम्प स्टेशनवरच रिकामी करावी. अशी स्टेशने गावांमध्ये, काही पेट्रोल पंपांवर आणि हॉलिडे पार्कमध्ये असतात, रस्त्यावर त्यांचे फलक दिसतात आणि अनेक ठिकाणी शुल्क नसते. पेटी ओतल्यावर थोडे पाणी घालून विसळावी, पुन्हा ओतावी आणि मग ठरलेल्या मापाने रसायन व थोडे पाणी घालून जागेवर बसवावी. सार्वजनिक शौचालयात पेटी रिकामी करू नये. डॉकच्या कोरड्या शौचालयात तर मुळीच नाही, कारण त्यातील व्यवस्था या रसायनांसाठी केलेली नसते.

भांडी घासल्याचे आणि आंघोळीचे पाणी वेगळ्या टाकीत साठते. ते निरुपद्रवी आहे असे समजून रस्त्याच्या कडेला झडप उघडणारे लोक दिसतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय साबण व अन्नकण मिसळलेले पाणी ओढ्यात जाते. माओरी परंपरेत नदी आणि सरोवर यांना स्वतःचा जीव आणि प्रतिष्ठा आहे असे मानतात. अन्नाशी संबंधित गोष्टी आणि शरीराच्या अशुद्धीशी संबंधित गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या जातात. आपण त्या भूमीवर पाहुणे आहोत, तेव्हा तळ्यात भांडी घासणे किंवा साबण लावून अंघोळ करणे टाळणे ही किमान मर्यादा आहे.

डम्प स्टेशनवर पेटी विसळण्यासाठी एक नळ असतो आणि पिण्याचे पाणी भरण्यासाठी असल्यास दुसरा. दोन्हींवरील फलक वाचूनच वापर करावा. पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी एकाच कप्प्यात ठेवू नयेत आणि पाणी भरण्यापूर्वी हात धुवावेत.

प्रश्न : वीजजोडणीशिवाय किती दिवस राहता येते?

मोटरहोममध्ये इंजिनाच्या बॅटरीशिवाय घरगुती वापराची दुसरी बॅटरी असते. दिवे, पाण्याचा पंप आणि बहुधा फ्रीज तिच्यावर चालतो. गाडी चालत असताना ती भारित होते, म्हणून रोज दोन-तीन तासांचा प्रवास असेल तर दोन रात्री सहज निघतात. मायक्रोवेव्ह, केसांचे ड्रायर आणि भिंतीवरचे प्लग बहुतेक वाहनांत केवळ पॉवर्ड साइटवरच चालतात. शेगडी गॅसवर चालते. झोपताना शेगडीचा उपयोग ऊब मिळवण्यासाठी कधीही करू नये, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो. हिवाळ्यात जाणार असाल, तर डिझेलवर चालणारा हीटर असलेले वाहन मागावे.

प्रश्न : परवाना कोणता लागतो आणि रस्त्यांवर काय वेगळे असते?

आपला मूळ वाहन परवाना वैध आणि इंग्रजीत असेल तर पर्यटकाला तो चालतो. नसेल तर मान्यताप्राप्त इंग्रजी भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवावा लागतो. वाहतूक डाव्या बाजूने चालते. खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर असली, तरी साडेतीन टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या वाहनांना ती ९० आहे आणि मोठी मोटरहोम या गटात येतात. एकपदरी पूल सर्वत्र आढळतात. फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. मागे वाहने साचली तर पहिल्याच सोयीच्या जागी बाजूला घ्यावे.

नकाशा दाखवतो त्या वेळेत मोटरहोम पोहोचत नाही. घाटांत आणि वळणांवर वेग निम्म्यावर येतो. दिवसाला दोनशे ते अडीचशे किलोमीटर पुरे, याहून मोठे टप्पे ठेवले की अंधारात अनोळखी जागी पोहोचण्याची पाळी येते. बहुतेक भाडेकरारांत क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडील नाइन्टी माइल बीच यांवर वाहन नेण्यास मनाई असते आणि तिथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही.

प्रश्न : डिझेल स्वस्त दिसते, मग वेगळा रस्ता कर कशाचा?

न्यूझीलंडमध्ये पेट्रोलच्या किमतीत कर समाविष्ट असतो, डिझेलच्या वाहनांना मात्र धावलेल्या अंतरावर रोड युजर चार्ज भरावा लागतो. भाडे कंपनी तो परतीच्या वेळी किलोमीटर मोजून घेते, म्हणून अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र जागा ठेवावी.

प्रश्न : उत्तर आणि दक्षिण या दोन बेटांमधील फेरी बोटीचे काय?

उत्तर बेटावरील वेलिंग्टन आणि दक्षिण बेटावरील पिक्टन यांच्या दरम्यान दोन कंपन्यांच्या फेरी बोटी चालतात आणि कुक सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे साडेतीन तास लागतात. आरक्षण करताना वाहनाची लांबी मागे लावलेल्या सायकल-स्टँडसह द्यावी. जहाजावर चढण्यापूर्वी गॅसची झडप बंद करावी लागते आणि प्रवासात वाहनात बसून राहता येत नाही. वेलिंग्टनहून संध्याकाळची बोट घेतल्यास उतरताना काळोख असतो, तेव्हा त्या रात्रीची जागा पिक्टनमध्येच आधी ठरवून ठेवावी.

प्रश्न : दक्षिण बेटावरील मिलफर्ड साउंड या फियोर्डला, म्हणजे कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, जाताना रात्र कुठे काढावी?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो, कारण ‘ते आनाऊ’ नावाच्या गावापासून मिलफर्डपर्यंतच्या सुमारे १२० किलोमीटरच्या रस्त्यावर थांबावेसे वाटणारी ठिकाणे पावलोपावली आहेत आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी मुक्कामाला मनाई आहे. रस्ता फियोर्डलँड राष्ट्रीय उद्यानातून जातो. एग्लिंटन खोऱ्यात डॉकच्या कॅम्पसाइट आहेत आणि त्यांतील कॅस्केड क्रीक ही मिलफर्डला सर्वांत जवळची. तिथे मुक्काम केला तर सकाळी पर्यटक बसांच्या आधी होमर बोगदा ओलांडता येतो. १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब आणि उतरता आहे. खुद्द मिलफर्डमध्ये एका लॉजच्या आवारात मोटरहोमसाठी मोजक्या जागा आहेत आणि त्या बऱ्याच आधी भरतात. ‘ते आनाऊ’ सोडण्यापूर्वी इंधनाची टाकी पूर्ण भरावी. मे ते नोव्हेंबर या काळात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंद होऊ शकतो आणि चाकांच्या साखळ्या बाळगणे सक्तीचे होऊ शकते, म्हणून निघण्याच्या सकाळी रस्त्याची स्थिती पाहावी.

प्रश्न : डास किंवा प्राण्यांचा त्रास होतो का?

साप नाहीत आणि हिंस्र श्वापदेही नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर आणि फियोर्डलँडमध्ये सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या मात्र अतिशय चावतात. पहाटे आणि सायंकाळी जाळीशिवाय दार उघडे ठेवू नये. आर्थर्स पास या घाटात आणि होमर बोगद्याजवळ किया हे डोंगरी पोपट वाहनाच्या खिडक्यांचे रबर चोचीने ओढतात. त्यांना खायला घालू नये, कारण माणसांच्या अन्नाची चटक लागलेले पक्षी रस्त्यावर येतात आणि मरतात.

प्रश्न : सोबत नेलेल्या कॅम्पिंगच्या साहित्याबद्दल काही नियम आहेत का?

आहेत आणि ते कडक आहेत. विमानतळावर सर्व खाद्यपदार्थ तसेच वापरलेले बूट, तंबू आणि मासेमारीचे साहित्य जाहीर करावे लागते. जाहीर न केल्यास जागेवरच ४०० डॉलरचा दंड होतो. देशात आल्यावरही एका नदीतून दुसऱ्या नदीकडे जाताना बूट आणि साहित्य तपासून, धुऊन, वाळवून न्यावे. डिडिमो नावाचे शेवाळ २००४ मध्ये दक्षिण बेटावर आढळले आणि ते ओल्या साहित्यातून पसरते.

प्रश्न : कोणता हंगाम निवडावा?

मुक्कामाच्या जागांचा विचार करता मार्च आणि एप्रिल हे महिने मला सर्वांत चांगले वाटतात. हवा स्थिर असते आणि शाळा सुरू झालेल्या असतात. ईस्टरचा शनिवार-रविवार तेवढा वगळावा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत स्थानिक कुटुंबे सुट्टीवर असतात आणि किनाऱ्यालगतची हॉलिडे पार्क कित्येक महिने आधी भरलेली असतात. त्या काळात दक्षिणेकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे अजून वेळ आहे असे वाटत राहते, पण जागा मात्र दुपारीच भरतात.

प्रश्न : संध्याकाळी पोहोचलो आणि ठरवलेली जागा भरलेली असली, तर काय करावे?

सकाळी लिहून ठेवलेली पर्यायी जागा याच वेळी उपयोगी पडते. ती अर्ध्या तासाच्या आत असावी आणि शक्यतो वेगळ्या प्रकारची असावी, म्हणजे पहिली परिषदेची असेल तर दुसरी हॉलिडे पार्क. हॉलिडे पार्कला आधी फोन करावा, कारण कार्यालय साधारण सायंकाळी बंद होते, तरीही अनेक ठिकाणी उशिरा येणाऱ्यांसाठी दारावर जागेचा क्रमांक लिहून ठेवतात आणि पैसे सकाळी घेतात. वीजजोडणीची जागा नसली तर विजेशिवायची विचारावी, ती बहुधा निघते. दोन्ही पर्याय संपले तर जवळच्या गावातील शेतमालकाला किंवा पबच्या मालकाला त्याच्या आवारात रात्रभर थांबू द्याल का, असे सरळ जाऊन विचारावे. नकार मिळाला तर तो मान्य करावा आणि पुढच्या गावाकडे जाताना वेग कमी ठेवावा, कारण रात्री ग्रामीण रस्त्यांवर पॉसम हे मांजराएवढे निशाचर प्राणी आणि गुरे आडवी येतात.